म्हादूबाची दोन बोटं

आमच्या मढ गावचा म्हादूबा माणसाला रामराम घालत न्हाई. जवळ येतो, कानाखाली दोन बोटं लावतो आणि म्हणतो, "चाव बघू!" नवा माणूस दचकतो, त्याला वाटतं, म्हातारा आता एक ठेवून देणार. पण दात आवळले की जबड्याचा गोळा फुगतो, तेवढाच म्हादूबाला चाचपायचा असतो. त्याचा सारा जन्म मेंढरांत गेला. कुठलं मेंढरू आजारी पडणार, हे तो रवंथ बघून आदल्या दिवशी सांगायचा. मेंढरं गेली, बोटांची सवय राहिली. शाळेच्या मास्तरांना तो भर चौकात म्हणाला, "गोळा ढिला हाय मास्तर, घरी पोटभर मिळंना का?" मास्तर अजून दुसऱ्या वाटेनं जातात.

मला मात्र हात लावायची त्याची टाप न्हाई. चौथी पास आहे मी. मेंढरू न्हाई.

त्याचा लेक संतोष, अठ्ठावीसचा. टोमॅटो असा पिकवतो की बघत राहावं, पण लग्न जमंना. मीच मधे पडलो. महाळुंगे पडवळहून माझा साडू लेकीसाठी स्थळ बघायला आला, पोहे खाऊन गेला आणि फोनवर म्हणाला, "पोरगं चांगलं हाय, पर दात लई पुढं हायेत." मी निरोप जसाच्या तसा पोचवला.

म्हादूबा उसळला. "मेंढराला वरचं दातच नसत्यात! त्याचं काय आडलं?"

"मेंढराला सासरा बघाया येत न्हाई," मी म्हणालो.

संतोष दुसऱ्या दिवशी उठला. जुन्नरला जाऊन दातांना तार लावून आला. दर महिन्याला तार आवळायची, की पुढं चार दिवस पठ्ठ्या भाकरी दुधात कुस्करून खायचा. म्हादूबाची बोटं रोज त्याच्या कानाखाली. मग माझ्याकडं गाऱ्हाणं, "नाना, गोळा उतरला. दात सरळ करत्यात आन पोरगं ढिलं करत्यात."

शेवटी तो डॉक्टरणीशी भांडायला निघाला. सोबत मला ओढलं. डॉक्टरीण तरणी पोर. तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "बाबा, बरोबर ओळखलंत. दात दुखतात म्हणून तो जोरानं चावत नाही, मग स्नायूही कमी काम करतो. तार निघाली की बहुतेकांचा जोर हळूहळू परत येतो." म्हादूबा इतका खूश झाला, की त्यानं तिच्याच जबड्याकडं बोटं नेली. मी हात धरून बाहेर काढला.

एसटीत तासभर तो ऐटीत बसला होता. "शिकल्याली बाई म्हन्ती बरोबर हाय. तू चौथीवाला मला काय सांगतो?"

दोन वर्षांनी तार निघाली. दात कणसाच्या दाण्यांसारखे ओळीत आले. मी छाती काढून साडूला फोन लावला.

"झालं का? बरं झालं," तो म्हणाला. "पर पोरगा पुण्यात नोकरी बघतोय का? शेतीवाला नगंच व्हता आमाला. तवा तोंडावर कसं सांगायचं, म्हून दाताचं बोललो."

मी फोन ठेवला. एवढं तेव्हाच बोलला असता, तर पोरानं दोन वर्षं भाकरी तरी नीट खाल्ली असती. आणि तो निरोप नेणारा शहाणा मी. हाही मलाच न्यायचा होता.

सकाळी गेलो तर बापलेक ओट्यावर बसलेले. उभ्याउभ्याच सांगून टाकलं.

"असू द्या नाना," संतोष म्हणाला. "मला काय वाटत न्हाई." आणि हसला. इतके सरळ दात मी आमच्या गावात बघितले नव्हते.

म्हादूबा उठला. दोन बोटं लेकाच्या कानाखाली ठेवली. या वेळी 'चाव' म्हणाला न्हाई.

"आला का गोळा?" काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं.

"आलाय," म्हादूबा म्हणाला. "तोंडात घास न्हाई, तरी दगुड झालाय."

संतोष समोर बघत राहिला. म्हादूबानं बोटं काढली न्हाईत. हळूहळू सगळा तळवाच त्याच्या गालावर टेकला.

"सोड," तो म्हणाला. "सोड आता, पोरा."