कपाटातले बाबा

स्वयंपाकघरातलं कपाट शेवटी भिंतीवरून खाली आलं. पण तसं काही झालंच नाही, असं घरात एकमताने ठरलं आहे. तेव्हा आपणही तसंच धरून चालू.

घरात एक जुनी कॅसेट होती. मुलगा दोन वर्षांचा असताना बाबा गेले. त्याला बाबा ठाऊक ते त्या कॅसेटपुरतेच. तीत ते आईच्या नावे लिहिलेला एक लांबलचक अर्ज वाचत. बाबा सुतार होते. स्पीकरचं कमरेएवढं खोकं त्यांनीच बांधलेलं. दर रविवारी दुपारी त्यातून त्यांचा भारदस्त आवाज यायचा.

खोक्याला वाळवी लागली. मुलाने आतला स्पीकर काढून घेतला आणि खोकं टाकून दिलं. "आवाज तर ह्याच्यातूनच येतो ना," तो म्हणाला.

रविवारी नुसता स्पीकर टेबलावर ठेवून त्याने कॅसेट लावली.

"हे कोण?" आईने विचारलं.

"बाबा."

"हा डास आहे."

मुलाने चौकशी केली. स्पीकरची पाठ उघडी असली की पुढची हवा आणि मागची हवा एकमेकींना गाठून गप्प करतात, आणि त्यात पहिला बळी जाड्या आवाजाचा जातो. मागची हवा कोंडायला हवी. त्याने ती बिस्किटांच्या डब्यात कोंडली. बाबांना सर्दी झाली. पिठाच्या पिंपात कोंडली. बाबा विहिरीत पडले आणि तिथूनही शांतपणे अर्ज वाचत राहिले.

"राहू दे रे," आई म्हणाली. "दुसऱ्यांदा गेले, असं समजायचं."

हे ऐकून मुलाने स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला गोल भोक पाडून त्यात स्पीकर बसवला. कपाटही बाबांनीच केलेलं. भांडी आतच ठेवली, कारण ती कुठे हलवायची ह्यावर आईशी चर्चा झाली असती.

बाबा आले. थेट पोटातून बोलत.

"अजून मोठा कर," आई डोळे मिटून म्हणाली.

त्याने केला. कपबश्या रांगेने कडेकडे निघाल्या. मग भिंतीतले खिळे निघाले. मग जे झालं नाही, ते झालं.

खालच्या मजल्यावरचे काका, बाबांचे कामातले जोडीदार, धापा टाकत वर आले. ढिगाऱ्यात स्पीकर उघडा पडून डासासारखा वाजत होता. काका दारातच थबकले.

"अरे, हा तर तोच. अगदी हुबेहूब."

"एवढा बारीक?" मुलाने विचारलं.

"असाच होता. वहिनींनी लग्नाआधी एकदा चिडवलं, तर पठ्ठ्या महिनाभर खोकं बांधत बसला."

मुलगा आईकडे वळला. "तुला माहीत होतं?"

"पाच वर्षं संसार केलाय त्यांच्याशी." आई फुटक्या बश्या गोळा करू लागली. "तुझ्या वाट्याला बाबा एवढेच आले. म्हटलं, निदान भारदस्त तरी असावेत."

मुलाने टेपच्या बटणावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "बंद करू?"

"नको. शेवट राहिलाय."

तिघेही खाली बसले. ढिगाऱ्यातून बारीक, पण ठाम आवाज आला:

"...सबब, अर्जदाराचा आवाज मुळातच भारदस्त असल्याची नोंद आपल्या दप्तरी व्हावी, आणि ह्यापुढे ह्या घरात त्याचं म्हणणं एकदा तरी शेवटपर्यंत ऐकून घेतलं जावं, ही नम्र विनंती."