बाहीचं गाणं

नाटकाला निघताना मी कोटाच्या कॉलरखाली एक सुई खोचली आणि तिच्याभोवती काळा दोरा गुंडाळला. माझा गुन्हा म्हणाल तर एवढाच. बेचाळीस वर्षं शिंपीकाम केलेल्या माणसाला सुईशिवाय घराबाहेर पडलं की उघडं उघडं वाटतं.

"अहो, कॉलर दाखवा," ही म्हणाली.

"कशाला?"

"दाखवा म्हणते ना."

सुई सापडली. परक्या शहरात लेकीकडे येऊन आम्हाला तीन आठवडे झाले होते. तेवढ्यात मी लेकीचे पडदे आखूड केले, जावयाच्या पँटी दुमडल्या आणि बागेत बाकावर शेजारी बसलेल्या एका अनोळखी आजोबांचं बटण लावून दिलं. (शर्ट त्यांच्या अंगातच होता. ते जरा घाबरले होते.)

"राहू दे ती तिथेच," ही म्हणाली, "पण आज तिला हात लावायचा नाही. माझ्या शेजारी गप बसायचं. मला ते गाणं नीट ऐकायचंय. शपथ घ्या."

घेतली.

गाण्याची गोष्ट अशी. दोन वर्षांपूर्वी लेकीने याच नाटकातलं एक गाणं फोनवर पाठवलं होतं. भाषा परकी, एक शब्द कळत नव्हता. पण आमच्या दुकानात काज-बटण हिच्याकडे, आणि काजं करताना ही तेच गाणं लावायची. ती गाणारी बाई वरच्या सुरात गेली की हिची सुई कापडातच थांबायची.

"काय म्हणते गं ती?" मी एकदा विचारलं.

"कुणीतरी निघून चाललंय."

"तुला कसं कळलं?"

"त्याला भाषा कशाला लागते?" असं म्हणून हिने डोळे पुसले आणि पुढचं काज केलं. आयुष्यात हिने माझ्याकडे फारसं काही मागितलं नाही. ते गाणं एकदा समोर बसून ऐकायचं, एवढं मात्र मागितलं होतं.

दुपारचा खेळ होता. मी, ही आणि लेक, आठव्या रांगेत. तिकिटं लेकीच्या शेजारणीने मिळवून दिली होती. ती शेजारीण त्याच नाटकाच्या कपड्यांचं काम बघायची. पडदा वर गेला. वाजवणारे स्टेजच्या पुढच्या खड्ड्यात बसले होते, त्यांची नुसती डोकी दिसत होती. नायक लांब करड्या कोटात आला आणि काहीतरी फार दुःखाचं गाऊ लागला. लोक हळहळत होते. मी त्याच्या खांद्याचं माप घेत होतो. कोट उत्तम, पण डावी बाही किंचित लोंबत होती. एकदा ती दिसली आणि मग मला दुसरं काही दिसेना.

मध्यंतरात शेजारीण आमच्याकडे आली आणि मला बोटाने खुणावू लागली.

"बाबा, तुम्ही शिंपी आहात म्हणून तिला आत नेऊन नाटकाचे कपडे दाखवायचेत," लेक म्हणाली.

मी हिच्याकडे पाहिलं.

"जा. पण हात खिशात."

आत गेल्यावर मला माहेरी गेल्यासारखं वाटलं. इस्त्रीची वाफ, खडूची भुकटी, टाचण्यांची उशी. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. ती कपडे उलटून अस्तर दाखवायची, मी मान डोलवायचो. मग तिने तो करडा कोट आणला. डावी बाही चार लांब कच्च्या टाक्यांवर लटकलेली! मी टाक्यांकडे बोट दाखवलं. तिने बाही ओढल्याची खूण केली आणि जोरात हसली. मला वाटलं, बिचारी, तो नट आडदांडपणे ओढत असेल आणि तिला नीट शिवायला वेळ नसेल. गिऱ्हाइकासमोर आपणही असंच हसतो.

तेवढ्यात तिला कुणीतरी हाक मारली. ती पळाली. खोलीत मी आणि कोट.

मी हात खिशात ठेवूनच उभा राहिलो. बराच वेळ. (अर्धं मिनिट तरी.) मग सुई काढली. दोरा दुहेरी घेतला आणि खांद्यापासून काखेपर्यंत, काखेतून परत खांद्यापर्यंत अशी बारीक टीप घातली की त्या बाहीला धरून माणूस विहिरीत सोडावा. माझी शिलाई सहसा उसवत नाही. हिच्या भावाच्या लग्नातली पँट तेवढी सोडली तर. (त्या पँटीबद्दल मी बोलत नाही.)

"हात खिशात होते ना?" परत आल्यावर हिने विचारलं.

"होते की." (खोटं नव्हतं. काही वेळ होते.)

पुढचा अंक सुरू झाला. नायक कोट घालून आला. बाही कशी सरळ पडली होती! मी सुखाने मागे टेकलो. इतक्यात लेक आईच्या कानाशी वाकली.

"आई, आता तुझं गाणं. तो निघून जाणार, ती त्याची बाही धरणार, बाही तुटून तिच्या हातात राहणार. मग ती बाही पोटाशी धरून गाते."

मी खुर्चीत पुढे सरकलो.

"बाही... मुद्दाम तुटते?"

"मुद्दामच, बाबा. गाणं त्या बाहीवरच तर आहे."

नायक वळला. नायिकेने बाही धरली. तो चालू लागला आणि ती त्याच्यामागे फरफटत गेली. खड्ड्यातल्या वाजवणाऱ्यांनी तीच ओळ पुन्हा वाजवली. तिने पुन्हा ओढली. मग एक पाय टेबलाला लावून ओढली. लोक खुदखुदू लागले. ओळ चौथ्यांदा आली.

हिने मान वळवली नाही. नुसता हात माझ्या कॉलरखाली घातला. सुई होती. दोरा नव्हता.

"अहो," ही अगदी हळू म्हणाली, "माझं गाणं."

एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं.

स्टेजवर नायक थांबला. त्याने बाहीकडे पाहिलं, नायिकेकडे पाहिलं, मग अख्खा कोट काढून तिच्या खांद्यावर घातला आणि नुसत्या शर्टावर निघून गेला. सगळे गप्प झाले. तो कोट तिच्या पोटऱ्यांपर्यंत येत होता. तिने रिकाम्या बाह्या स्वतःभोवती गुंडाळून घेतल्या आणि गायला लागली.

काय गायली! सूर वर गेला तेव्हा मला कोटही दिसेना, कारण सगळंच पाण्यात बुडालं होतं. हिने माझी बाही घट्ट धरली होती आणि गाणं संपल्यावरही सोडली नाही.

खेळ संपल्यावर शेजारीण कोट घेऊन आलीच. मी उभा राहून कान धरले. ती खूण तिला बरोबर कळली. ती लेकीशी बराच वेळ बोलली.

"ती म्हणते, गाणं आज छान झालं. पण तुमची टीप कात्रीलाही दाद देत नाहीये. उद्याच्या खेळाच्या आत तुम्हीच उसवून द्या."

म्हणून मी कपड्यांच्या खोलीत स्टुलावर बसून, चष्मा नाकावर घेऊन, एकेक टाका काढत बसलो. ही शेजारी ते गाणं गुणगुणत होती. तासाभराने मी बाही सोडवून वर धरली.

"बघितलीस शिलाई?" मी म्हटलं. "एक टाका हलला नाही!"

"बघितली," ही म्हणाली. "मग माझ्या भावाच्या लग्नात काय दोरा संपला होता?"