‘ढ’च्या खालचा ‘त’

उत्तरेतल्या एका शहरात ‘महानगर’ नावाच्या मोहल्ल्यातल्या आपल्या घरासमोरच्या गटाराला झाकण नाही, ही तक्रार मधुसूदन खरवंडीकरांनी तोंडी करून पाहिली होती, फोनवरून करून पाहिली होती. परवा पत्नी मंजिरीताईंचा पाय त्यात जाता जाता वाचला, तेव्हा त्यांनी ठरवलं, आता ऑनलाइन. तक्रारींसाठी नवी वेबसाइट निघाली होती, आणि ती ज्या कंपनीने बनवली तिथेच त्यांची मुलगी अवनी कामाला होती. तिला विचारणं सोपं होतं. पण मानक नगरला रेल्वेच्या संशोधन संस्थेत उभा जन्म इंजिनांच्या ब्रेकवर घालवलेला माणूस तक्रार कशी करायची हे मुलीला विचारत नाही.

त्यांनी आपला जुना कॉम्प्युटर लावला. वेबसाइट हिंदीत होती. तक्रारीचा विषय एका लांबलचक यादीतून निवडायचा होता आणि यादी अकारविल्हे होती. त्यांनी ‘ढक्कन’ निवडलं. विषय एकदा सांगितला की तो पुन्हा लिहायचा नाही, ही त्यांची नोकरीतली शिस्त. म्हणून खाली त्यांनी एवढंच लिहिलं, “घर के ठीक सामने महीनों से मुँह खोले पड़ा है। परसों श्रीमतीजी का पैर जाते-जाते बचा। बच्चे रोज़ ऊपर से कूदकर स्कूल जाते हैं।” मग वर जाऊन विषयावर एकदा टिचकी मारून तो बरोबर आहे ना याची खात्री केली, माउसचं चाक फिरवून पानाच्या तळाशी आले आणि बटण दाबलं.

लगेच मोबाइलवर संदेश आला: मदत निघाली आहे, घराबाहेर पडू नका, दारं-खिडक्या बंद ठेवा. मधुसूदनराव थक्क झाले. एका झाकणासाठी सरकार नागरिकाची इतकी काळजी घेतं, हे त्यांनी मंजिरीताईंना दोनदा वाचून दाखवलं. त्यांनी खिडक्या लावून घेतल्या आणि सांगितल्याप्रमाणे आत बसून राहिले. मंजिरीताईंना मात्र कपडे वाळत घालायचे होते. त्या अंगणात गेल्या.

तासाभरात एक मोठी गाडी येऊन फाटकासमोर थांबली. तीत पिंजरा होता, जाळी होती आणि खाकी कपड्यातली चार माणसं होती. त्यांचे प्रमुख अस्थाना म्हणून एक अदबशीर गृहस्थ होते. बाई शांतपणे चादर झटकताहेत हे पाहून ते जागच्या जागीच थांबले. त्यांनी हळू आवाजात विचारलं की आपण खरंच इतके महिने याच्यासोबत राहता आहात?

मंजिरीताई म्हणाल्या, काय करणार, सवय झाली. पाहुणे यायचे असले की वर एक फळी टाकतो, म्हणजे त्यांना भीती वाटत नाही.

अस्थानांनी आपल्या माणसांकडे पाहिलं. माणसं मंजिरीताईंकडे पाहत होती. आजवर कोणी आत गेलंय का, असं त्यांनी विचारलं. हो, शेजारच्या निगमांचा कुत्रा गेला होता, मंजिरीताईंनी सांगितलं, निगमसाहेबांनी ओढून काढला.

“हाथ डालकर?” अस्थानांनी विचारलं.

“और किससे निकालेंगे? कोपरापर्यंत हात गेला था. आके गरम पानी से नहाए, बस.”

अस्थानांनी टोपी काढली. नोकरीत बरंच पाहिलं, पण असा मोहल्ला पाहिला नाही, असं ते म्हणाले. मग आवाज आणखी खाली आणत त्यांनी विचारलं की आत्ता तो कुठे आहे.

“ये क्या,” मंजिरीताई म्हणाल्या, “आपकी गाडी के नीचेच.”

चौघं एका दमात गाडीच्या टपावर चढले. गाडी डावीकडे कलली, पुढचं चाक गटारात गेलं आणि पिंजऱ्याचं दार आपोआप बंद झालं. तोवर गल्ली गच्चीगच्चीवर जमली होती. शेपटी आपण पाहिली, असं दोघातिघांनी शपथेवर सांगितलं. आवाज ऐकून मधुसूदनराव बाहेर आले, तेव्हा टपावरून अस्थानांनी त्यांना वाकून आदाब केला आणि आपला मोबाइल पुढे धरला. विषयाच्या जागी ‘तेंदुआ’ होतं. म्हणजे बिबट्या. खाली मधुसूदनरावांचाच मजकूर शब्दशः होता, आणि तो त्यांनी पुन्हा वाचला तेव्हा त्यांचाही जीव दडपला.

अवनीला फोन गेला. ती ऑफिसातून धावत आली. वडिलांनी चूक केली असणार असं तिने गृहीत धरलं होतं. ती म्हणाली, पुन्हा करून दाखवा. अस्थाना, त्यांची माणसं आणि मिसेस निगम मागे उभे राहिले. मधुसूदनरावांनी ‘ढक्कन’ निवडलं, मजकूर लिहिला, वर जाऊन विषयावर टिचकी मारली, चाक फिरवलं. पान खाली सरकण्याआधी विषयच एक घर खाली सरकला. ‘ढ’च्या खाली ‘त’.

ती यादी अवनीनेच बनवली होती. ऑफिसात सगळ्यांनी लॅपटॉपवर तपासली होती. चाकाचा माउस कोणाच्या टेबलावरच नव्हता.

“पापा, आपने कुछ गलत नहीं किया,” ती म्हणाली. “गलती मेरी है.”

चहा करायला मधुसूदनराव स्वतः उठले.

अवनीने साहेबांना सगळं खरं सांगितलं आणि वेबसाइट नव्याने केली. लांब यादी गेली. मोठी बटणं आली, प्रत्येकावर चित्र आलं, आणि पाठवण्याआधी ‘तुमची तक्रार अमुक आहे, बरोबर?’ असा प्रश्न आला. या वेळी खऱ्या माणसाला समोर बसवून पाहायचं ठरलं. अवनीने मिसेस निगमना ऑफिसात बोलावलं. साहेब आणि सगळी टीम मागे श्वास रोखून उभी राहिली. कोपऱ्यावरचा कचरा उचलत नाहीत, एवढी तक्रार करायची होती.

मिसेस निगमनी चष्मा पुसला. सगळं पान वरपासून खालपर्यंत वाचलं, कचऱ्याच्या डब्याचं चित्र नीट पाहिलं आणि शांतपणे बिबट्याचं बटण दाबलं. ‘बरोबर?’ या प्रश्नावर ‘हाँ’ म्हटलं.

अवनीचा चेहरा उतरला. आंटी, चित्र समजलं नाही का, असं तिने विचारलं.

“समझ में आया, बेटा. बहुत साफ़ बनाया है,” मिसेस निगम म्हणाल्या. “पर कूड़े वाले आते कब हैं? ये लोग तो घंटे भर में आ गए थे.”