पंचवीस किट आणि माझं बोट

"दोन बायांसाठी अख्खी गाडी," आरोग्य खात्याची मीरा माझ्या शेजारी बसून पुटपुटत होती. "डिझेल, ड्रायवर अन् मी. साहेब म्हणते, एकेका तपासणीवर इतका खर्च? पुढच्या खेपेले पंचवीस नाही आल्या त या बुढापारा मोहल्ल्याची फेरी बंद."

तलावाजवळच्या ओट्यावर मी भाजीची पिशवी घेऊन दम खात होते. म्हणजे तसं दाखवत होते.

"कशाची तपासणी?" मी विचारलं, जसं काही मला माहीतच नव्हतं.

"गुप्तरोग, दीदी." हे तिनं इतकं हळू सांगितलं, की रोगालाही ऐकू गेलं नसेल.

"पंचवीस बाया मी आणते," मी म्हणाले. "संक्रांतीचं हळदीकुंकू माझ्याकडेच आहे. पंचवीस किट घेऊन तिथेच ये, बघच तू!"

ही समाजसेवा नव्हती, हे तुम्हाला आधीच सांगून टाकते. तपासायचं होतं एकच बोट, माझं. माझा नवरा शेखर आमच्या रायपूरबाहेर सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यात कामाला, तिकडेच राहायचा. रायपूर राजधानी झाली, सिलतऱ्याचा रस्ता रुंद झाला, तासाची वाट अर्ध्यावर आली, आणि शेखर आठवड्याऐवजी महिन्यानं यायला लागला. गेल्या खेपेला त्याचा शर्ट भिजवताना खिशात गुप्तरोगाच्या डॉक्टरची चिठ्ठी सापडली. खाली लिहिलं होतं, 'पत्नी को भी जाँच के लिए लाएँ.' तारीख दोन महिन्यांपूर्वीची. पत्नी इथेच होती. शर्ट धूत होती.

एकटी त्या गाडीत चढले असते, तर संध्याकाळपर्यंत तलावातल्या माशांनाही कळलं असतं. पंचवीस बोटांत एक बोट कोण बघतं?

बायांना मी एवढंच सांगितलं, "रक्ताची तपासणी आहे, फुकट." इथेच चुकलं. सगळ्यांनी ती शुगरची समजली आणि उपाशीपोटी आल्या. तिळगुळाच्या ताटाकडे अशा बघत होत्या, जशी सासूसोबत निघालेली सून गुपचुपच्या ठेल्यावरच्या पाणीपुरीकडे बघते. शेजारची राधिका तर लोणच्याच्या बाटलीत लघवी घेऊन आली, आणि ती बाटली कोणीतरी वाणाच्या रांगेत नीट मांडून ठेवली.

मीरानं कपाळाला हात लावला. "दीदी, रोगाचं नाव सांगितल्याबिगर मी कोणाले टोचत नाही."

ती पडद्यामागे एकेकीला नेऊन कानात सांगणार, असं ठरलं. आता एकेक उठून जाणार, फेरी बंद पडणार, आणि माझं बोट माझ्याजवळच राहणार.

पहिली राधिका गेली. बऱ्याच वेळानं बोटाला कापूस दाबून बाहेर आली.

"काय आहे वं?" पुढच्या बाईनं विचारलं.

"शुगरच आहे," राधिका म्हणाली.

दुसरी बाहेर आली. "शुगरच." तिसरी म्हणाली, "शुगरच आहे, जा ना."

एकही उठून गेली नाही. पण बाहेर आल्यावर कोणी कोणाकडे बघतही नव्हतं. गच्च भरलेल्या खोलीत प्रत्येक बाई एकटी बसून तिळगूळ खात होती.

मीरा मात्र खूष. "दीदी, हिसाब जम गया. एका बाईमागचा खर्च कुठच्या कुठं उतरला."

यजमानिणीनं सगळ्यांच्या शेवटी घ्यायचं, ही आपली रीत. म्हणून मी कुंकू लावत, "आधी तू, आधी तू" करत राहिले. चोविसावी टोचून बाहेर आली तेव्हा मीरानं डोकं बाहेर काढलं. "एकच किट राहिलं."

उरलो होतो दोघी, मी आणि कुसुमकाकू. काकूंचं वय चौऱ्याहत्तर. विधवांना हळदीकुंकवाला बोलावत नाहीत, पण ऐनवेळी एखादी कमी पडू नये म्हणून मी बोलावलं होतं, आणि वर मोठ्या मनाची म्हणून मिरवलंही होतं.

"काकू, आधी तुम्ही," माझ्या तोंडून निघून गेलं. सवयच तशी.

काकू आत गेल्या. मीराची कुजबुज ऐकू आली. मग पडदा सरकला. काकूंनी न टोचलेलं बोट मुठीत घट्ट धरलं होतं.

"पूर्णिमा, मले माणूस जाऊन तीस वर्षं झाले," भरल्या खोलीत त्या म्हणाल्या. "तुह्या घरी शेखर महिना महिना येत नाही, हे साऱ्या मोहल्ल्याले ठाऊक आहे. रोग त्यानं आणला असंल, त सुई मले काहून? ये, बस इथं."