भांडुपला एक बेल

मुलुंडला आमच्या मजल्यावर रोज दुपारी साडेबाराला बेल वाजते. दाराची नव्हे. समोरच्या सावंतांच्या देवघरातली पितळी घंटा आता त्यांच्या पॅसेजमध्ये टांगलेली आहे. तिला नायलॉनची दोरी बांधून ती खिळ्याखिळ्यावरून थेट डायनिंग टेबलापर्यंत आणली आहे. दोरीच्या टोकाला सावंतनाना. एकदा वाजली की थांबायचं, दोनदा वाजली की निघायचं, तीनदा वाजली की गाडी फुल, आता कुणाला घ्यायचं नाही. ही थांबणारी, निघणारी आणि फुल होणारी गाडी म्हणजे त्यांची नात ओवी. वय पावणेदोन वर्षं.

देवांचं काय, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. नाना म्हणाले, "देवांना टाळ्या चालतात, ताई. त्यांना कुठे जायचंय?"

नाना बसचे कंडक्टर होते. सगळी नोकरी मुलुंड ते घाटकोपर या एकाच रस्त्यावर गेली. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण ते उतरलेले नाहीत. लिफ्टमध्ये तीनच माणसं असली तरी नाना "आत सरका, मध्ये जागा आहे" म्हणतात आणि माणसं सरकतातही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी भाषण लांबवलं की मागच्या खुर्चीवरून "चला, उतरून घ्या" असा आवाज येतो. मी सोसायटीची सेक्रेटरी असल्यामुळे हे वाक्य बहुतेक वेळा माझ्याच वाट्याला येतं. बाई दिसली की ती ताई. मी ताई, त्यांची सून पूजा ताई, भाजीवाली ताई, आणि ओवी तर जन्मल्यापासून ताई. बेलची दोरी मात्र कुणाही ताईच्या हाती द्यायची नाही. ओवीने एकदा ती धरली, तर नानांनी तिची बोटं एकेक करून सोडवली. बेल कंडक्टरचीच, असा नियम आहे म्हणे.

हे सगळं सुरू झालं पूजा पुन्हा कामावर जायला लागली तेव्हा. तिचं ऑफिस घाटकोपरला. बाळंतपणाची रजा संपल्यावर तिने बिनपगारी रजा वाढवून वाढवून ओवीला दीड वर्षाची केलं होतं. पुढे वाढवायला रजाच उरली नाही. ओवी तोवर अंगावरच पीत होती. अधूनमधून भाताचं शीत चिवडायची, पण ते पोटासाठी नव्हे, करमणुकीसाठी. पूजा निघाली आणि ओवीने दिवसभराचा उपास धरला. वरणभात थुंकला. नाचणीची पेज टेबलाला फासली. पूजा सकाळी दूध काढून ठेवून जायची, ते वाटीतून दिलं तर वास घेऊन तोंड फिरवायची, जणू काही ओळखच नाही. संध्याकाळी आई दारात आली की चपलाही काढू द्यायची नाही, आणि मग सकाळपर्यंत सोडायची नाही. पूजाच्या डोळ्यांखाली काळं धरलं. ऑफिसात ती एकदा फाइलवर डोकं ठेवून झोपली, असं तिनेच मला सांगितलं, हसत. मला हसू आलं नाही.

डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं, मुलगी ठणठणीत आहे. वर्ष उलटून गेलंय, आता बाटलीच्या भानगडीत पडू नका. दिवसा घरचं जेवण आणि वाटीने दूध, आई आली की आईचं. घाई नको, जबरदस्ती नको.

सल्ला उत्तम होता, पण त्यात वेळापत्रक नव्हतं. ते मी केलं. मी सकाळच्या शाळेच्या ऑफिसात आहे, बाराला घरी असते, आणि वेळापत्रक हा माझा प्रांत आहे. नाश्ता, फळ, जेवण, झोप, खाऊ, दूध, अशा चौकटी आखून दोन रंगांत लिहिलं आणि सावंतांच्या फ्रिजवर लावलं. नानांनी चष्मा लावून ते वरपासून खालपर्यंत वाचलं.

"झकास आहे, ताई," ते म्हणाले. "फक्त यात गाडी कुठे जाते ते लिहिलं नाही."

मी म्हटलं, ही गाडी नाही, मुलगी आहे. नाना म्हणाले, कुठे जायचंय ते कळल्याशिवाय कोण चढणार?

दुसऱ्या दिवशी घंटा पॅसेजमध्ये आली. ओवी उंच खुर्चीत, नाना शेजारी उभे. बसून कंडक्टरी होत नाही. घास म्हणजे प्रवासी, तोंड म्हणजे दार, आणि प्रत्येक घासाला रस्ता पुढे. "मुलुंड! चला, मऊ भात चढून घ्या. आत सरका, दारात उभं राहू नका. वरणवाले, मागून या." टण टण. "नाहूर!" मी दारात उभी राहून बघत होते आणि ओवीचं तोंड उघडत होतं. भांडुप झालं, कांजूर झालं, विक्रोळीला गाजरही चढलं. मला वाटलं, जमलं. फ्रिजवरच्या वेळापत्रकाकडे मी बघितलंसुद्धा नाही.

घोटाळा घाटकोपरला झाला. "घाटकोपर! आईचं ऑफिस आलं!" असं म्हणून नानांनी एक बेल दिली, आणि ओवी दाराकडे बघायला लागली. आई कुठे होती? ओवीने ओठ काढला, मग जे रडं काढलं ते वरच्या मजल्यापर्यंत. माझ्या दृष्टीने हा सोपा विषय होता: शेवटच्या स्टॉपचं नाव बदला. नाना तयार होईनात. ज्याचं तिकीट फाडलंय त्याला त्या जागी उतरवलंच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. एवढ्या वर्षांत एकाही माणसाला आपण मध्येच उतरवलं नाही, आता नातीला उतरवू?

म्हणून त्यांनी ओवीला कडेवर घेतलं आणि खरोखरच्या बसने घाटकोपरला नेलं.

पुढचं पूजाकडून कळलं. ती साहेबांसमोर बसलेली असताना गेटवरून फोन आला की तुमचे सासरे आलेत, प्रवासी घेऊन. ती धावत खाली आली. ओवीने तिला पाहिलं आणि तिथेच, वॉचमनच्या केबिनच्या आडोशाला, तिचा ड्रेस ओढायला लागली. पूजाने तिला पाजलं. साहेब खाली उतरून आले, बघितलं, काही न बोलता परत गेले. त्यांनी काही बोलायला हवं होतं, पूजा म्हणाली, गप्प बसले तेच वाईट.

संध्याकाळी ती माझ्याकडे आली, तेव्हा ओवी कडेवर झोपली होती. "नानांना मी काही बोलले नाही," पूजा म्हणाली. "पण मला नाही जमत आता, काकू. महिना भरला की राजीनामा देते. ती जेवायला लागली की बघू पुन्हा."

मी समजावण्याची यादी मनात तयार करत होते, तेवढ्यात लक्ष गेलं. आमचं दार उघडं होतं आणि समोर नाना त्यांच्या दारात उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. नेहमी ते काहीतरी म्हणाले असते. ते आत गेले आणि दार लावून घेतलं.

सकाळी ते माझ्याकडे आले, दाढी न करता. "ताई, रस्ता चुकला नाही, दिशा चुकली. आपण पोरीला आईकडे नेत होतो. आईला पोरीकडे आणायला हवं."

त्या दुपारपासून गाडी घाटकोपरहून सुटायला लागली. पूजा बसमध्ये बसली, असं नाना जाहीर करायचे. आता जेवढे घास, तेवढी आई जवळ. विक्रोळीला वरणभात, कांजूरला बटाटा. "खा गो बाय माझे, आवस वाट बघता!" असं आईला ‘आवस’ म्हणत मालवणीत सुटलं की समजायचं, नाना रंगात आलेत. भांडुपला एक बेल. इथे गाडी थांबते. का, तर डायव्हर चहाला उतरतो. जेवण संपलं, ओवी झोपली. संध्याकाळी उठली की टण टण, भांडुपहून पुढे. पेज वाटेत, केळं नाहूरला, आणि केळ्याचा शेवटचा तुकडा तोंडात असताना मुलुंड यायचं. किल्ली फिरायची आणि पूजा दारात. तीन बेल. ओवी आईच्या कुशीत शिरली की नाना चपला घालून बाहेर जिन्यात येऊन बसत. मी विचारलं की सांगत, "गाडी डेपोत गेली."

लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. काही दिवस गाडी विक्रोळीलाच बंद पडायची. एकदा तर पूजाला उशीर झाला, तेव्हा नानांनी नाहूरजवळ रस्त्याचं काम काढलं आणि एका केळ्यात कसंबसं निभावलं. पण हळूहळू ओवी दिवसा जेवायला लागली, रात्री झोपायला लागली. जिन्यातल्या मांजरालासुद्धा ती "भांदुप" म्हणायला लागली. महिना भरला त्या दिवशी मी मुद्दाम सावंतांकडे गेले. नाना भांडी पुसत होते आणि पूजाकडे पाठ करून त्यांनी विचारलं, "ताई, ते राजीनाम्याचं काय केलंत?"

"राहू दे, नाना," पूजा म्हणाली.

नाना तीच वाटी बराच वेळ पुसत राहिले.

मला एकच गोष्ट खटकत होती. नाना गाडी भांडुपला थांबवायचे, पण किलोमीटर मोजले तर मध्य कांजूरला येतो. दुपारी जास्त आणि संध्याकाळी कमी, अशी विभागणी मला पटत नव्हती. मी दोनदा सुचवलं. नाना म्हणाले, डायव्हरला तिथलाच चहा आवडतो.

गेल्या महिन्यात पूजा आणि नानांचा मुलगा महेश ओवीला घेऊन पूजाच्या माहेरी चिपळूणला गेले. नाना एकटे राहिले. दुपारी मी ताट वाढून घेत होते आणि साडेबाराला समोरून बेल आली. टण टण. थोड्या वेळाने पुन्हा टण टण. मग एकच. त्यानंतर काही नाही. मी वाट पाहिली. शेवटी जाऊन दार ढकललं.

नाना टेबलाशी बसून जेवत होते. बसून. समोर ओवीची उंच खुर्ची रिकामी. डाव्या हातात दोरी.

"भांडुप," ते म्हणाले.

मी खुर्ची ओढून बसले. त्यांनी आमटीत भात कालवला, पण घास उचलला नाही.

"आमची ही भांडुपला औषधांच्या कंपनीत होती. पॅकिंगला. महेश अंगावर पीत होता. माझी आई त्याला घेऊन दुपारी माझ्याच बसमध्ये चढायची. कंपनीच्या गेटवर स्टॉप नव्हता, पण मी एक बेल द्यायचो. ही बाहेर येऊन उभी असायची. वॉचमनच्या केबिनमध्ये पाजायची. परतीच्या फेरीत आई आणि महेश पुन्हा गाडीत. महेश घरी काही खायचा नाही. मग आईचे गुडघे गेले. हिने नोकरी सोडली. आवडायची तिला. पहिल्या पगारातून मला घड्याळ घेतलं होतं."

मी त्यांच्या पेल्यात पाणी ओतलं.

"तिने सोडल्यावरही माझा हात दोरीवर जायचाच. गेट आलं की एक बेल. डायव्हर वैतागायचा. म्हणायचा, सावंत, कोण उतरतंय?"

"मग तुम्ही काय सांगायचात?"

"कोणी नाय. चला."

बाहेर पाण्याचा पंप सुरू झाला. नानांनी पाण्याचा घोट घेतला. मग टेबलावरून हात लांब करून दोरीचं टोक माझ्या हातात दिलं.

"मारा, ताई," ते म्हणाले. "डबल. भात निवतोय."