पहिल्या पाटावरची भूक

सन १९३४ च्या भाद्रपदात महाडहून पोलादपूरला निघालेले सरकारी तट्टू वाटेत बसले. एरवी ते कुठेही बसले असते तरी चालले असते. पण फिरते कारकून हैबतराव पाठीवर असताना ते बसले आणि पुन्हा उठायला तयार होईना. तट्टू ही सरकारी मालमत्ता होती. रंग, उंची आणि दात यांच्यासह त्याची दप्तरात नोंद होती. हैबतरावांचीही नोंद होती, पण तीत दातांचा उल्लेख नव्हता. तेव्हा दोघांपैकी कोणाला जपायचे याविषयी कचेरीतल्या साहेबांच्या मनात शंका उरली नाही.

वास्तविक त्या रस्त्याने मोटार धावू लागून बरीच वर्षे झाली होती. परंतु फिरतीचे नियम मोटारीच्या आधीचे होते आणि त्यांत तट्टू लिहिले होते.

आठ दिवसांत हुकूम आला. फिरत्या नोकराचे वजन एकशे साठ पौंडांहून अधिक नसावे; असल्यास तीन महिन्यांत ते खाली आणावे, नाहीतर फिरती दुसऱ्याकडे द्यावी. तोपर्यंत सदर नोकराने तट्टूवर न बसता तट्टूबरोबर पायी जावे.

सावित्री नदीच्या बंदरावर भाताची पोती तोलतात त्या काट्यावर हैबतरावांना उभे केले. काटा दोनशे आठवर थांबला. तोलणाऱ्याने सवयीने विचारले, "बारदान किती वजा धरू?"

शेजारी दत्ताराम उभा होता. हा कचेरीतला दुसरा कारकून. अंगाने इतका बारीक, की टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून कोणी त्याला त्यांच्यावर बसवले असते तर तोही कागदांबरोबर गेला असता. जन्मापासून त्याला दोन घासांपुढे जेवण जात नसे. फिरती त्याच्याकडे जाणार होती. तो अतिशय सहानुभूतीने हसला.

हैबतरावांचा जीव त्या फिरतीत अडकला होता. नेमके सांगायचे तर फिरतीच्या दुसऱ्या टोकाला, पोलादपूरच्या साळूबाईच्या खाणावळीत. घरी पत्नी प्रयागबाईंनी तुळशीची माळ घातल्यापासून अंडेसुद्धा उंबरठ्याच्या आत आले नव्हते. साळूबाईकडे दर मंगळवारी कोंबडीचा रस्सा, फुगलेले वडे आणि वालाचे बिरडे असे. सरकारी काम हे अशा दोन मंगळवारांमधले अंतर आहे, असे हैबतरावांचे प्रामाणिक मत होते.

त्याच गणपतीत त्यांचा मेव्हणा सहदेव मुंबईहून आला. खिशातून त्याने एक चपटी बाटली काढली. तिच्यावर 'तनुलाघव वटी' असे सोनेरी अक्षरांत छापले होते.

"दाजी, एकदम फर्स्ट क्लास माल हाय. आमच्या सायबाची मडम घेते. भूकच नाय लागत!"

"मग मडम जगते कशावर?"

"फ्याशनीवर," सहदेव म्हणाला.

हैबतरावांनी गोळ्या सुरू केल्या, पण गुप्तपणे. कारण दुसरा एक नियम असा होता, की औषध घेणाऱ्या नोकराने तसे कळवून आजारपणाची रजा घ्यावी, आणि रजेवरच्या नोकराला फिरती नाही. चार दिवसांत त्यांची भूक गेली. पाचव्या दिवशी मंगळवार होता.

पोलादपूरच्या पंगतीला एक नेम होता. पहिल्या पाटावर मानाचा माणूस बसे. वाढायला सुरुवात त्याच्यापासून होई, त्याने दुसऱ्यांदा घेतल्याशिवाय इतरांना दुसऱ्यांदा मिळत नसे, आणि त्याने हात धुतला की सगळ्यांचे जेवण झाले असे समजत. साळूबाईकडे सरकारी कामासाठी डोंगरवाड्यांतून उतरलेली माणसे जेवत, आणि पहिला पाट अर्थातच हैबतरावांचा असे. ते दोन तास जेवत. आजवर त्या नेमाचा कोणालाही त्रास झाला नव्हता. उलट हैबतरावांच्या भुकेच्या आडोशाने अख्खी पंगत पोट भरून घेई.

त्या मंगळवारी हैबतरावांनी अर्धी भाकरी खाल्ली. रस्सा त्यांनी बाजूला सारला. मग हात धुवायला तांब्या ओढला.

साळूबाईच्या हातातली पळी तशीच राहिली. "रावसायेब, रस्सा बिघडला काय?"

"छे, छे. उत्तम आहे."

"मग वड्यात काय निघाला?"

"काही नाही हो. पोट भरलं."

"तुमचा?" साळूबाईने विचारले. एवढ्या एका शब्दात तिने वीस वर्षांचा अनुभव मांडला.

पंगतीत शिवथरचा कोंडाजी होता. पहाटे निघून दोन डोंगर उतरून आलेला. त्याने आताच पहिला वडा मोडला होता. हैबतराव उठले तसा तो मोडका वडा पत्रावळीवर ठेवून उठला. बाकीचे नऊ जणही उठले.

"अरे, तुम्ही जेवा ना," हैबतराव म्हणाले.

"तुमी उठल्यावर आमी बसून कसा खावा?" कोंडाजी म्हणाला. "आमाला काय रीत हाय का नाय?"

पुढच्या मंगळवारी असेच झाले. त्याच्या पुढच्या मंगळवारीही. माणसे चटकन खायला शिकली, पण हैबतरावांची अर्धी भाकरी त्यांच्याहून चटकन संपे. तिसऱ्या आठवड्यात लोक वाटेतच फडक्यातली भाकरी खाऊन येऊ लागले आणि साळूबाईच्या पंगतीत केवळ हजेरीला बसू लागले. खाणावळ सोडून द्यावी असे कोणाच्या मनात आले नाही. सरकारी माणूस जिथे जेवतो तिथे आपण दिसले नाही, तर अर्ज फाइलीत खाली जातो, असा त्यांचा समज होता. तो चुकीचा नव्हता.

कोंडाजीचा अर्ज रानडुकरांविषयी होता. शिवथरच्या खोऱ्यात डुकरांनी उभे भात खाल्ले होते. वाडीला एका बंदुकीचा परवाना द्यावा, अशी विनंती होती. चौकशी हैबतरावांकडे होती. शिवथरला जाऊन यावे तर तट्टूबरोबर पायी दोन डोंगर चढावे लागले असते, आणि गोळ्यांनी पायांतला जोर गेला होता. तेव्हा त्यांनी अर्जदारांना जवळून पाहता येईल अशा एकमेव ठिकाणी, म्हणजे पंगतीत, पाहिले आणि अहवाल लिहिला. तो आजही त्या शैलीचा नमुना ठरावा:

'अर्जदारांचे सलग सात मंगळवार समक्ष निरीक्षण केले. पुढे पूर्ण भोजन वाढलेले असूनही ते दोन-तीन घासांवर अन्न घेत नाहीत. त्यावरून रानडुकरांनी खाल्लेले भात हे अर्जदारांच्या गरजेपेक्षा जास्तीचे होते असे दिसते. सबब नुकसान झालेले नाही. डुकरांची भूक मात्र चांगली असल्याचे अर्जावरूनच सिद्ध होते.'

अर्ज नामंजूर झाला. साहेब खूश झाले. इतका अल्प आहार घेणारी प्रजा त्यांच्या वीस वर्षांच्या नोकरीत आढळली नव्हती. तीन महिने पुरे होताच त्यांनी हैबतरावांना शाबासकी देण्यासाठी आत बोलावले.

हैबतराव आत गेले. आदल्या दिवशीच काटा एकशे अठ्ठावन्नवर थांबला होता. कोटाच्या दोन्ही बाजू आता एकमेकींना ओलांडून पुढे जात होत्या. अंगठीला दोरा गुंडाळला होता.

"हैबतरावांना पाठवा," साहेब म्हणाले.

"मीच तो, साहेब."

साहेबांनी नोकरीचे पुस्तक मागवले. त्यात वर्णनाच्या रकान्यात लिहिले होते: 'अंगाने स्थूल. गाल भरलेले. पोट ठळक.' साहेबांनी पुस्तकाकडे पाहिले, मग समोरच्या माणसाकडे.

"यातलं तुमच्याजवळ काय आहे?"

"साहेब, आपल्याच हुकुमाने वजन कमी केलं!"

"हुकूम वजनाविषयी होता. वर्णनाविषयी नव्हता." साहेब शांतपणे म्हणाले. "उद्या पोलादपूरला कोणीही बारीक मनुष्य जाईल आणि मी हैबतराव म्हणेल. त्याला आम्ही कसं ओळखायचं?"

असा निकाल झाला, की वर्णन जुळेपर्यंत सदर इसमाने मेज सोडू नये. फिरती दत्तारामाने करावी. वर्णन बदलता येणार नाही, कारण तो रकाना नेमणुकीच्या वेळीच भरायचा असतो. वजनाचा हुकूम अर्थात कायम होता.

हैबतरावांनी रात्री दोन्ही हुकूम शेजारी ठेवून वाचले. त्यांनी हिशेब केला, की आधी हैबतराव म्हणून सिद्ध व्हावे, तट्टूचे मग पाहता येईल. त्यांनी बाटली परसात उपडी केली. प्रयागबाईंच्या घरी कोंबड्या नसल्याने गोळ्या कोणी खाल्ल्या नाहीत.

तीन दिवसांनी भूक परत आली. ती एकटी आली नाही. तीन महिन्यांच्या थकलेल्या सगळ्या भुका बरोबर घेऊन आली. प्रयागबाईंच्या मुगाच्या वरणाने ती फक्त चिडली. वर्णन जुळवायचे तर ठिकाण एकच होते. मंगळवारी हैबतरावांनी किरकोळ रजा घेतली आणि स्वतःच्या पैशाने मोटारीने पोलादपूर गाठले.

साळूबाईने त्यांना ओळखले. पुस्तकाशिवाय ओळखले. "यावा, यावा! आज कोंबडा कापलाय. वाळून काटकी झालाव नुसते."

पहिल्या पाटावर मात्र दत्ताराम होता. हैबतरावांना अकरावा पाट मिळाला, कोंडाजीच्या शेजारी.

वाढायला सुरुवात झाली. रस्सा एकेका पत्रावळीवरून पुढे सरकत होता आणि हैबतरावांचे डोळे त्याच्याबरोबर चालत होते. शेवटी त्यांच्या पानात दोन वडे पडले, वाफ निघत होती. त्यांनी वडा मोडला, रश्श्यात बुडवला आणि तोंडाकडे नेला.

पंगतीच्या त्या टोकाला तांब्या वाजला. दत्तारामाचे दोन घास झाले होते.

दहा माणसे उठली. हैबतरावांचा हात अधांतरी राहिला. बोटांवरून रस्सा ओघळत मनगटापर्यंत आला.

"उठा, रावसायेब," कोंडाजी हळूच म्हणाला. "मानाचा पान उठला."

"अरे, पण मला भूक लागलीय!"

"आमाला भाद्रपदापासनं लागलीय." कोंडाजीने फडके झटकून खांद्यावर टाकले. "या मुलखात पोटभर खानारा एकच, रानडुकर. त्याच्या पंगतीत पहिला पाट नसतो."

बसून खायला हैबतरावांना कोणीही मनाई केली नव्हती. तसा नियम कचेरीच्या दप्तरात नव्हता, साळूबाईच्या भिंतीवर नव्हता, पोथीत नव्हता. वडा अजून गरम होता. त्यांनी तो पत्रावळीवर ठेवला आणि ते उठले.

येथे ज्या वाचकांना हैबतरावांचे हसू आले असेल, त्यांनी एवढेच आठवून पाहावे: मागच्या लग्नाच्या पंगतीतून आपण उठलो, ते पोट भरले म्हणून की व्याही उठले म्हणून?