साळवे काका आणि जगभरचे शिक्के

साळवे काकांच्या हातात कुठलाही कागद द्या, ते तो वाचत नाहीत. आधी उन्हात धरतात. मग खिशातून भिंग काढतात. त्याची मूठ कधीच तुटली, आता सुतळी गुंडाळलीय. त्या भिंगातून ते कागदावरचा शिक्का शोधतात. समोरचा माणूस घायकुतीला येऊन म्हणतो, "काका, माझं नाव बरोबर आहे का तेवढं बघा ना!" काका मान वर न करता म्हणणार, "नाव जाऊ दे. राज्य कुणाचं ते बघायलोय."

बेलापूरला सरकारी कचेऱ्यांच्या मागच्या गल्लीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. त्याच्या पुढ्यात, बदामाच्या झाडाखाली काकांचं टेबल. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, जुन्या कागदांची भाषांतरं, सगळं हातानं लिहून देतात. मूळचे परभणीकडचे. तिकडच्या एका रेकॉर्ड रूममध्ये निजामाच्या वेळची उर्दू-फारसी दफ्तरं वाचण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर मुलीकडे कळंबोलीला राहायला आले. पुढे मुलगी-जावई कॅनडाला गेले आणि काका कळंबोलीतच राहिले. घरात करमत नाही असं कधी म्हणाले नाहीत, पण मी शटर उघडायच्या आधी हे हजर असतात.

जगाचा कारभार कसा चालतो यावर काकांचं ठाम मत आहे आणि ते विचारायची गरज नसते. "वनिता, हे बघ. साम्राज्य शिक्का घडवतं. धर्म त्याच्यावर अक्षरं कोरतो. आणि बंडवाला डोंगरातून उतरला की आधी खजिना लुटत नाही, आधी शिक्क्याचं कपाट फोडतो. मग बाकीचे देश बसून ठरवतात, ह्याचा शिक्का मानायचा का नाही. झालं! ह्याच्यावर लोक जाडजूड पुस्तकं लिहायलेत. चहा सांग."

माझ्या मशीनवर परदेशी कागद आला रे आला, की काका मालकाची परवानगी काढून शिक्क्यापुरता तुकडा झेरॉक्स करून घेतात आणि वहीत डकवतात. वहीचे दोन भाग आहेत. पुढून 'चालू', मागून 'गेलेले'. मागची पानं कधीच भरली, आता पुरवण्या जोडल्यात. "गेलेल्यांचीच संख्या जास्त असणार," हे सांगतानाही काका खुशीत असतात.

एकदा नेरुळचे एक गृहस्थ सोसायटीचं ना हरकत पत्र घेऊन आले. त्यांच्या सोसायटीत तरुण पोरांनी जुनी कमिटी उलथवून टाकली होती, पण जुन्या सेक्रेटरीनं शिक्का घरी नेऊन ठेवलेला. काकांनी भिंग लावलं आणि जाहीर केलं, "हे परागंदा सरकार हाय. ह्यांना कुणी मानणार नाही." गृहस्थ म्हणाले, "अहो, सेक्रेटरी देशपांडे वरच्याच मजल्यावर राहतात!" काका म्हणाले, "परागंदा सरकारं वरच्या मजल्यावरच राहतात. राज्य गेलं, कागद गेला. नव्या पोरांकडून आणा."

राज्य गेलं, कागद गेला. हे काकांचं पेटंट वाक्य. दिवसातून दहादा यायचं. मी इथल्याच शिरवणे गावची. आमच्या शेतांवर शहर उभं राहिलं, तेव्हा सासऱ्यांनी जपलेले जमिनीचे उतारे मी मोठ्या आशेनं काकांना दाखवले होते. तेव्हाही हेच! वर म्हणाले, "तुमच्या शिरवण्यावर बिनबंदुकीचं साम्राज्य आलं, एवढाच फरक." मला असा राग आला होता! चार दिवस चहा बंद केला त्यांचा. पण खरं सांगू? दहादा ऐकून ते वाक्य माझ्याही तोंडात बसलं. मीपण गिऱ्हाइकांना ऐकवायला लागले. म्हटलं, आपणही काही कमी नाही.

आणि तिथेच माझं चुकलं.

गेल्या पावसाळ्याआधीची गोष्ट. एका सोमवारी एक मुलगी आली, नर्गिस. वय बावीस-तेवीस. तिच्या देशाचं नाव सांगत नाही, तिचे आईवडील अजून तिथे आहेत. हातात बंदूक आणि तोंडी देवाचं नाव घेऊन काही लोक डोंगरातून उतरले, राजधानीत शिरले आणि मुलींची कॉलेजं बंद झाली, एवढं कळलं तरी पुरे. ही पोर त्याआधी पदवी घेऊन बसलेली. इथे खारघरच्या एका कॉलेजात पुढचं शिकायचं होतं. कॉलेज म्हणत होतं, पदवीवर सध्याच्या सरकारचा शिक्का आणा. सध्याचं सरकार तर मुलींची पदवीच मानत नव्हतं. शुक्रवारपर्यंत प्रवेश झाला नाही, तर व्हिसा संपणार आणि पोरगी परत तिकडे जाणार.

"आंटी, यहाँ कोई फ़ारसी पढ़ता है क्या?" तिनं विचारलं.

मी कागद घेतला, अगदी काकांसारखा उन्हात धरला आणि शहाणपणा पाजळला. "बेटी, ये स्टँप पुराने सरकार का है ना? राज गया, कागज गया."

तिनं कागद मागून घेतला आणि हळूच घडी घालायला लागली. तेवढ्यात झाडाखाली खुर्ची आपटल्याचा आवाज आला. काका उभे होते. एवढ्या वर्षांत मी त्यांना चिडलेलं पाहिलं नव्हतं.

"वनिता! काय म्हणायलीस तू तिला?"

"अहो, तुमचंच तर वाक्य…"

"माझं न्हाई ते!" त्यांनी भिंग टेबलावर टाकलं. "ते तहसीलच्या कारकुनाचं हाय. माझ्या आजाला म्हणला होता."

मग उभ्या उभ्याच सांगितलं. आजोबांकडे, सटवा साळव्यांकडे, निजामाच्या वेळची जमिनीची सनद होती. निजामाचं राज्य गेलं, नवा कारभार आला, आणि आजोबा सहा-सात वर्षांच्या नातवाचा हात धरून कचेरीच्या पायऱ्यांवर बसायला लागले. रोज म्हणायचे, आज शिपाई बापाच्या नावासकट आपला पुकारा करंल. नवीन साहेबाला ती लिपी वाचता येईना. एक दिवस कारकुनानं कागद न उलगडताच परत दिला आणि ते वाक्य बोलला. "मी फारसी काऊन शिकलो वाटतं तुला? आजाला वाचून दाखवायची म्हणून. शिकलो तवर म्हातारा गेला."

मला तोंड लपवावंसं वाटलं. तेच वाक्य काका आम्हाला हसत हसत ऐकवत होते. जखमेवर इतकी वर्षं स्वतःच हसायचं, असाही एक स्वभाव असतो. मला तो कळलाच नाही.

काकांनी खुर्ची ओढली, नर्गिसला बसवलं आणि कागद मागितला. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी शिक्का सोडून पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. दोन दिवसांत भाषांतर केलं, स्वतःच्या नावानं प्रतिज्ञापत्र जोडलं आणि गुरुवारी इस्त्रीचा शर्ट घालून, तिला घेऊन मेट्रोनं खारघरला गेले. मीही दुकान बंद करून मागे गेले, चूक माझी होती ना!

कॉलेजच्या मॅडम सभ्य होत्या, पण नियमावर अडून. काका म्हणाले, "मॅडम, शिक्का कुणाचा हे विचारू नका. मार्क कुणाचे ते विचारा. परीक्षा तर हिनंच दिली की! राज्यं बदलली म्हणून पोरीचा अभ्यास पुसला जात नाही." मॅडमनी नर्गिसला तिच्या विषयातलं बरंच विचारलं. ती धडाधड सांगत गेली. शेवटी तात्पुरता प्रवेश मिळाला, बाकी कागद सहा महिन्यांत आणा म्हणाल्या.

"सहा महिने?" बाहेर येताच काका म्हणाले. "लई झाले. तेवढ्यात राज्यं येऊन जातात." म्हटलं, चला, आले आमचे काका जाग्यावर.

पुढच्या आठवड्यात नर्गिस बदाम-मनुकांचा डबा घेऊन आली. काकांच्या वहीत तिच्या शिक्क्याचा तुकडा डकवलेला मी पाहिला. पुढच्या बाजूला, 'चालू'मध्ये. 

"अंकल, मैं आपके लिए क्या करूँ?" ती म्हणाली.

काकांनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला पिवळा कागद काढला. घड्यांवर फाटलेला. आजोबांची सनद. "एकदा मोठ्यानं वाच, बेटा. मी मनातच वाचत आलो. दुसऱ्या कुणी वाचलेला ऐकला न्हाई."

ती वाचायला लागली. अक्षर गिचमिड होतं, ती अडखळत होती, पण तिच्या तोंडी ती भाषा इतकी गोड वाटत होती की झेरॉक्सला आलेली माणसंही थांबली. मला एक शब्द कळत नव्हता. मग ती एका जागी थांबली, कागद डोळ्यांजवळ नेला आणि सावकाश, एकेक अक्षर लावत म्हणाली, "सटवा… वल्द… भिवा."

साळवे काका खुर्चीतून उठले, शर्ट खाली ओढून सरळ केला आणि म्हणाले, "हजर हाय."